रोममध्ये गाइड कुठे घ्यावा, कुठे घेऊ नये

कोलोसियमच्या मेट्रो स्टेशनातून बाहेर पडलं की ती प्रचंड इमारत एकदम अंगावर येते. मान वर करून तुम्ही बघत असता, तेवढ्यात गळ्यात पट्टी अडकवलेला एक मुलगा शेजारी येऊन उभा राहतो. "इंडिया? नमस्ते! नो टिकेट टुडे. टू अवर लाइन. विथ मी, नो लाइन." २०१७ साली मी आणि माझा नवरा अशाच एका मुलाच्या मागे गेलो. त्याने पैसे घेतले, आमच्या बाहीवर एक स्टिकर चिकटवला आणि आणखी चाळीसेक स्टिकरवाल्यांमध्ये आम्हाला उभं केलं. मग आम्ही सगळे मिळून रांगेतच उभे राहिलो! तपासणीची रांग होती ती. आत गेल्यावर गाइडबाई बोलत होत्या, पण हेडफोन नव्हते आणि आम्ही घोळक्याच्या शेपटाला. एक तासात मला कळलं ते एवढंच, की बाईंची छत्री केशरी आहे.

२०२४च्या मे महिन्यात आई-बाबांना घेऊन परत गेले तेव्हा मात्र ठाण्यात घरी बसून नीट अभ्यास केला होता. त्यातून जे हाती लागलं ते इथे क्रमाने लिहिते. सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा: तिकीट ही एक वस्तू आहे आणि गाइड ही दुसरी. रोममध्ये या दोन्ही एकाच पुडीत बांधून विकतात आणि पुडीवर "स्किप द लाइन" लिहितात. पुडी सोडून आत काय काय आहे ते बघता आलं, की निम्मं काम झालं.

पायरी १: आधी दिवस मोजा

रोमला तीन दिवस असतील तर उत्तम, दोन असतील तर जमवता येतं. एकच दिवस असेल तर कोलोसियम किंवा व्हॅटिकन यातलं एक निवडा आणि दुसऱ्यासाठी हळहळू नका. दोन्हीकडे आत जाऊन, गाइडबरोबर, एकाच दिवशी करणारे लोक मी पाहिले आहेत. संध्याकाळी ते हॉटेलच्या लॉबीत बूट काढून बसलेले असतात आणि कुणाशी बोलत नाहीत.

मुंबई-पुण्याहून निघणाऱ्या ग्रुप टूरने जाणार असाल तर कार्यक्रमपत्रिकेतली क्रियापदं वाचा. "आतून भेट" आणि "बाहेरून दर्शन" यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. "फोटो स्टॉप" म्हणजे दहा-पंधरा मिनिटं. "ओरिएंटेशन टूर" म्हणजे बरंचसं बसच्या खिडकीतून. त्यातही रोमच्या जुन्या भागात मोठ्या बसना मोकळं रान नाही. पँथिऑनचं प्राचीन देऊळ, ट्रेव्ही कारंजं, नव्होना चौक ही सगळी मंडळी गल्ल्यांमध्ये आहेत, तिथे चालतच जावं लागतं. तुमच्या पत्रिकेत कोलोसियम "बाहेरून" असेल आणि दुपार मोकळी असेल, तर ती दुपार आधीच ठरवून ठेवा. टूर मॅनेजरला निघण्यापूर्वीच विचारा, "त्या दिवशी आम्ही तीन तास वेगळे झालो तर चालेल का, आणि परत कुठे भेटायचं?" बहुतेक वेळा चालतं, पण आयत्या वेळी विचारलं की चालत नाही.

आणखी एक घोळ इथेच मिटवून टाकते. तुमच्याबरोबर मुंबईहून आलेला टूर मॅनेजर म्हणजे गाइड नव्हे. इटलीत स्मारकांची माहिती सांगायला परवानाधारक गाइड लागतो आणि त्याच्याकडे तसं ओळखपत्र असतं. टूर मॅनेजरला सगळा इतिहास पाठ असला तरी रोमन फोरममध्ये, म्हणजे प्राचीन रोमच्या मुख्य चौकाच्या अवशेषांत, उभं राहून तो मोठ्याने सांगायला लागला, तर अडचणीत येऊ शकतो. त्यामुळे "स्थानिक गाइड कुठल्या ठिकाणी, किती तास?" हा प्रश्न टूर कंपनीला लेखी विचारा.

पायरी २: कुठले दगड मुके आहेत ते ओळखा

रोममधली काही ठिकाणं स्वतःच बोलतात. काही तुम्हाला काहीही सांगत नाहीत. पैसे या दुसऱ्यांसाठी राखून ठेवा.

सगळ्यात मुकं ठिकाण म्हणजे रोमन फोरम. नुसतं गेलात तर पडके खांब, अर्धवट भिंती, ऊन आणि गवत. लोक वीस मिनिटांत बाहेर पडतात आणि "काही विशेष नाही" म्हणतात. आमच्या गाइडने बाबांना एका देवळासमोर उभं केलं. पुढे दहा उंच खांब, त्यांच्यावर लॅटिन अक्षरं आणि खांबांच्या मागे चक्क एक चर्च. "त्या चर्चचा दरवाजा बघा," ती म्हणाली. हिरवट दरवाजा, पण जमिनीपासून कितीतरी वर, भिंतीत अधांतरी. पायऱ्या नाहीत, काही नाही. बाबांनी चष्मा वर-खाली केला. मग ती म्हणाली, "हा दरवाजा केला तेव्हा जमीन तिथे होती." म्हणजे शतकानुशतकं माती, राडारोडा, पुराचा गाळ साचत साचत फोरम गाडलं गेलं होतं आणि लोक आपण आता उभे होतो त्याच्या कितीतरी वरून चालत होते. नंतर उत्खनन झालं, जमीन खाली गेली आणि दरवाजा वर राहिला. मूळ देऊळ अँटोनिनस पायस या सम्राटाने आपल्या मृत पत्नीसाठी, फॉस्टिनासाठी, इ.स. १४१ मध्ये बांधायला घेतलं. तो स्वतः गेल्यावर त्याचंही नाव वर कोरलं. त्यापुढचा अर्धा तास बाबा प्रत्येक भिंतीच्या पायथ्याकडे बघत चालत होते. गाइडचे पैसे तिथेच वसूल झाले.

व्हॅटिकन म्युझियम मुकं नाही, उलट फारच बोलकं आहे. इतकं, की कुणीतरी गप्प करावं लागतं. किलोमीटरच्या किलोमीटर दालनं आहेत. इथे गाइडचं काम माहिती देण्याइतकंच, किंबहुना त्याहून जास्त, काय सोडायचं ते ठरवण्याचं असतं.

कोलोसियम या दोन्हींच्या मधलं. त्याचा आकारच बोलतो. वेस्पासियन सम्राटाने काम सुरू केलं आणि त्याचा मुलगा टायटस याने इ.स. ८० मध्ये उद्घाटन केलं, एवढं वाचून गेलात तरी चालतं. पण जमिनीखालचा भाग, जिथे जनावरांचे पिंजरे आणि त्यांना वर उचलणारे पाळणे होते, तिथे बहुतेक वेळा गाइडबरोबरच नेतात.

पँथिऑनसाठी गाइड घेऊ नका. २०२३च्या जुलैपासून तिथे तिकीट लागतं, सुरुवातीला ते ५ युरो होतं. आत जा, मधोमध उभे राहा आणि वर बघा. घुमटाचा व्यास साधारण ४३ मीटर आणि जमिनीपासून शेंड्यापर्यंतची उंचीही तेवढीच. म्हणजे आत एक अख्खा चेंडू मावेल असं मोजमाप. वरचं भोक उघडंच आहे, पाऊस आला की आत पडतो आणि फरशीतल्या छिद्रांतून निघून जातो. एवढं ठाऊक असलं की उरलेलं डोळे बघून घेतात. ट्रेव्ही, नव्होना, स्पॅनिश पायऱ्या यांनाही तेच लागू. सेंट पीटर्स चर्चला प्रवेश फुकट आहे, फक्त तपासणीची रांग असते. "सेंट पीटर्स एंट्री" असं लिहून पैसे मागणारी टूर दिसली तर ते कशाचे ते विचारा. घुमटावर चढायचं तिकीट आहे, ऑडिओ गाइडचे पैसे असू शकतात; प्रवेशाचे नाहीत.

कॅटाकोम्ब, म्हणजे सुरुवातीच्या ख्रिश्चनांची भुयारी दफनभूमी, हा तर गंमतशीर प्रकार. तिथल्या तिकिटातच गाइड असतो, भाषेप्रमाणे गट करून आत नेतात. वेगळी टूर घेतली तर तुम्ही मुख्यतः तिथपर्यंतच्या गाडीचे पैसे देता. ११८ नंबरची सिटी बस सान कॅलिस्टो या कॅटाकोम्बच्या जवळ नेऊन सोडते. फक्त सान कॅलिस्टो बुधवारी बंद असतं, हे लक्षात ठेवा.

पायरी ३: पुडी सोडून बघा

आता हिशोब. मी हे लिहिते आहे तेव्हा कोलोसियम, फोरम आणि फोरमच्या शेजारची पॅलाटाइन टेकडी यांचं साधं एकत्र तिकीट १८ युरो आहे. कोलोसियमचं रिंगण (झुंजी व्हायच्या तो मधला भाग) आणि जमिनीखालचा भाग धरून येणारी तिकिटं त्याहून महाग. व्हॅटिकन म्युझियमचं २० युरो, त्यावर ऑनलाइन आरक्षणाचे ५. दर वाढत असतात, तेव्हा निघण्यापूर्वी अधिकृत साइट एकदा बघा.

समजा एखादी टूर माणशी ६० युरो म्हणते. त्यातून १८ वजा करा. उरले ४२. हे ४२ युरो तुम्ही माणसासाठी देताय. ती टूर २५ जणांची असेल तर एका गाइडचा तुमच्या वाट्याला येणारा पंचविसावा भाग ४२ युरोला पडला. तुम्ही पाच जण असाल तर झाले २१०. एवढ्या पैशांत फक्त तुमच्यासाठी दोन-तीन तासांचा खाजगी गाइड मिळतो का, हे विचारून बघण्यासारखं आहे. आम्ही चार जण होतो. तिकिटं स्वतः काढली आणि गाइड वेगळी ठरवली. ग्रुप टूरपेक्षा थोडेच जास्त पैसे गेले. मोबदल्यात आईला जिथे बसायचं होतं तिथे आम्ही बसलो. दोघांसाठी मात्र हा हिशोब जुळत नाही. दोघं असाल तर दहा-बारा जणांची छोटी ग्रुप टूर बरी.

मुलं बरोबर असतील तर हिशोब आणखी नीट करा. कोलोसियम आणि पँथिऑन इथे १८ वर्षांखालच्यांना प्रवेश मोफत आहे, मग तुम्ही कुठल्याही देशाचे असा. कोलोसियमला त्यांचंही शून्य रुपयांचं तिकीट काढावं लागतं, एवढंच. टूरवाले मुलांना "सवलत" देतात, ती बऱ्याचदा मोठ्यांच्या दरातून थोडी खरवडलेली असते. चौदा वर्षांच्या मुलाचे ५० युरो मागितले तर ते पूर्णपणे गाइडचे आहेत हे समजून द्या, किंवा देऊ नका.

"स्किप द लाइन" या शब्दांचा अर्थ एवढाच की तिकीट खिडकीची रांग टळते. ती तर ऑनलाइन तिकीट काढणाऱ्या कुणाचीही टळते. तपासणीची रांग पोपलाही... नाही, पोपला बहुधा टळत असेल. तुम्हाआम्हाला नाही.

पायरी ४: कोलोसियमची तिकिटं, म्हणजे खरा डोकेदुखीचा भाग

अधिकृत साइटवर तिकिटं साधारण ३० दिवस आधी खुली होतात. वेळेसकट. म्हणजे १५ मेला सकाळी साडेनऊला जायचं तर १५ एप्रिलच्या आसपास लक्ष ठेवून बसायचं. उन्हाळ्यात रोम आपल्या साडेतीन तास मागे असतं, हिवाळ्यात साडेचार; घड्याळाचा गजर त्या हिशोबाने लावा. जमिनीखालच्या भागाची तिकिटं बघता बघता संपतात, अगदी आपल्या तत्काळसारखी.

ती का संपतात यामागे थोडं काळंबेरंही होतं. बॉट (आपोआप तिकिटं काढणारे संगणक प्रोग्रॅम) लावून तिकिटं घाऊक उचलायची आणि गाइड किंवा असंच काहीतरी जोडून चढ्या दराने विकायची, हा धंदा तिथे जोरात चालला होता. २०२५ मध्ये इटलीच्या स्पर्धा आयोगाने यासाठी आधीच्या तिकीट व्यवस्थापक संस्थेला आणि काही टूर कंपन्यांना मिळून जवळपास २ कोटी युरोंचा दंड केला. तेव्हा "अधिकृत साइटवर शिल्लक नाही, आमच्याकडे आहे" हे वाचून भारावून जायचं कारण नाही. ते का आहे याची थोडी कल्पना असू द्या.

२०२३च्या अखेरीपासून तिकिटावर प्रत्येकाचं नाव असतं आणि दारात ओळखपत्र दाखवावं लागतं. नाव पासपोर्टप्रमाणेच लिहा. आपल्याकडे पासपोर्टच्या "गिव्हन नेम"मध्ये वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव असतं, ते टूरच्या अर्जात घालायचं की नाही यावर आमच्या घरी रात्री अकरा वाजता परिषद भरली होती. आम्ही पासपोर्टवर छापलंय तसंच्या तसं घातलं आणि दारात कुणी काही बोललं नाही. आईचं घरी सगळ्यांच्या तोंडी असलेलं नाव मात्र पासपोर्टवर नाही, आणि एका टूरच्या बुकिंगमध्ये माझ्या भावाने तेच टाकलं होतं! वेळेत लक्षात आलं म्हणून बरं. टूर कंपनीमार्फत घेत असाल तरी ती तुमच्याकडून पूर्ण नावं मागते ना, ते बघा. नावं न मागता "तिकीट समाविष्ट" म्हणणाऱ्यांना दोन प्रश्न जास्त विचारा.

टूरचं वर्णन वाचताना तीन गोष्टी शोधा. फोरम आणि पॅलाटाइन गाइडसकट आहे की फक्त प्रवेश? पुष्कळ टूर कोलोसियममध्ये तासभर फिरवून फोरमच्या दारात "आता तुम्ही मोकळे" म्हणून निरोप घेतात, आणि तुम्हाला तर गाइड नेमका तिथेच हवा असतो. दुसरं, रिंगणात नेणार की नुसतं वरून दाखवणार? "अरीना व्ह्यू" आणि "अरीना ॲक्सेस" हे शब्द सारखे दिसतात, पण एकात तुम्ही आत उभे असता आणि दुसऱ्यात कठड्याला टेकून. तिसरं, आधी काय? उन्हाळ्यात फोरम सकाळी आणि कोलोसियम नंतर असाच क्रम घ्या. फोरममध्ये सावली जवळजवळ नाही. कोलोसियमच्या कमानींखाली निदान थोडी असते.

महिन्याच्या पहिल्या रविवारी सरकारी स्मारकं मोफत असतात. या मोफतच्या मागे लागू नका, अख्खं शहर तिथे असतं.

पायरी ५: व्हॅटिकनची वेगळी गणितं

व्हॅटिकन हा वेगळा देश आहे, त्यामुळे रोमचा पर्यटक पास म्युझियमला चालत नाही. तिकिटं साधारण ६० दिवस आधी मिळू लागतात. म्युझियम रविवारी बंद असतं, महिन्याचा शेवटचा रविवार सोडून. त्या दिवशी प्रवेश फुकट आणि गर्दी आषाढीची. बुधवारी सकाळी पोपची सभा असते, तेव्हा सेंट पीटर्स चर्च दुपारपर्यंत बंद असू शकतं. बुधवार सकाळची "व्हॅटिकन अँड सेंट पीटर्स" टूर कुणी विकत असेल तर चर्चचं काय ते आधी विचारा.

सिस्टिन चॅपल हे म्युझियममधलं चित्रांनी भरलेलं प्रार्थनागृह; इथल्या गाइडची कसोटी मात्र त्याच्या आत नाही, बाहेर लागते. आत बोलायला बंदी, फोटोला बंदी, पहारेकरी अधूनमधून "सिलेन्झिओ!" म्हणून ओरडतात आणि तेवढा एकच मोठा आवाज त्या खोलीत होतो. त्यामुळे गाइड सगळं आधी, बाहेरच्या अंगणात मोठ्या तक्त्यांसमोर उभं करून सांगतात. हे सांगणं जितकं चांगलं, तितकं आत गेल्यावर तुम्हाला दिसतं. आमच्या गाइडने दोनच गोष्टी सांगितल्या. मायकेलअँजेलोने छत १५०८ ते १५१२ या काळात रंगवलं, त्यात नोआची चित्रं आधी. त्यांत माणसं लहान आणि दाटीवाटीने आहेत. अर्धं काम झाल्यावर परांची उतरली, त्याने खालून बघितलं आणि त्यापुढच्या चित्रांत माणसं मोठी झाली. दुसरी गोष्ट, समोरच्या भिंतीवरच्या "अंतिम न्याय" या चित्रात एका संताच्या हातात सोललेली कातडी लोंबते आहे. त्या कातडीवरचा चेहरा स्वतः मायकेलअँजेलोचा आहे असं मानतात. आत गेल्यावर आईने पहिल्यांदा ती कातडी शोधली आणि मला कोपराने ढोसलं. बोलायची सोय नव्हतीच.

आता एक व्यवहाराची बाब. चॅपलच्या उजव्या हाताला एक दार आहे, तिथून थेट सेंट पीटर्सकडे जाता येतं. हे दार गाइडबरोबरच्या गटांसाठी आहे. स्वतंत्र तिकीटवाल्यांनी म्युझियमच्या मुख्य दाराने बाहेर पडून, तटबंदीला वळसा घालून, चौकात पुन्हा तपासणीच्या रांगेत लागायचं. वयस्कर माणसं बरोबर असतील तर केवळ या दारासाठी व्हॅटिकनची गाइडेड टूर घ्यावी असं माझं मत आहे. ते दार काही कारणाने बंदही ठेवतात, तेव्हा वर्णनात "थेट प्रवेश" असेल तर बंद असल्यास काय करणार, तेही लिहिलेलं आहे का बघा.

खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, बायका-पुरुष दोघांचेही. पंजाबी ड्रेसवाल्यांना काळजी नाही. हाफ पँटीतल्या जावयांना आहे.

पायरी ६: माणूस पारखा

टूर विकणाऱ्या मोठ्या ॲपवर एकच टूर चार नावांनी दिसते. "प्रत्यक्ष चालवणारी कंपनी" कुठली ते खाली बारीक अक्षरांत असतं, ते वाचा. पाच ताऱ्यांचे अभिप्राय मी वाचत नाही. तीन ताऱ्यांचे वाचते. ती माणसं बऱ्यापैकी खरं बोलतात. "गाइड छान होता पण काही ऐकू आलं नाही," "भेटायची जागा सापडेना," "तीस जण होतो" अशी वाक्यं शोधा. अभिप्राय कुठल्या महिन्यातले तेही बघा. जानेवारीत सुखी झालेल्या माणसाचा अनुभव जुलैत उपयोगाचा नाही.

मग मेसेज करून विचारा: गटात जास्तीत जास्त किती जण? प्रत्येकाला हेडफोन मिळेल का? एकूण किती चालायचं, किती पायऱ्या? मध्ये बसायला आणि स्वच्छतागृहाला थांबणार का? रद्द केलं तर पैसे परत कधीपर्यंत? उत्तर कसं येतं त्यावरूनच पुष्कळ कळतं. आम्ही निवडलेल्या गाइडने उलट आम्हालाच विचारलं, "आई-वडिलांचे गुडघे कसे आहेत?" मी तिथेच पैसे भरले.

हेडफोनचा मुद्दा आपल्या ज्येष्ठांच्या बाबतीत फार महत्त्वाचा. इंग्रजी कळतं, पण इटालियन वळणाचं, भरभर, गर्दीतून येणारं इंग्रजी वेगळं. बाबांना श्रवणयंत्र आहे. त्यावर तो कानात अडकवायचा हेडफोन बसेना. शेवटी गाइडने तिच्या पेटीतून डोक्यावरून घालायचा जुना हेडफोन काढून दिला. हे आधी सांगितलं तर ती सोय होते. निघण्यापूर्वी घरी मराठीतून सीझर, ऑगस्टस, नीरो, कॉन्स्टंटाइन एवढ्या चार-सहा नावांची गोष्ट सांगून ठेवली तर अर्धं इंग्रजी आपोआप कळतं.

मोफत वॉकिंग टूर चांगल्या असतात, विशेषतः संध्याकाळच्या. पण "मोफत" म्हणजे शेवटी टोपी फिरते आणि त्या गाइडचं पोट त्यावरच चालतं. माणशी काही युरो द्यायची तयारी ठेवूनच जा. शेवटच्या चौकात हळूच सटकणारे लोक पाहून मला आपल्याच लोकांची लाज वाटली आहे. एरवी इटलीत टिप सक्तीची नाही.

दुमजली उघड्या बसबद्दल विचाराल तर पहिल्या दिवशी, विमानातून उतरून थकलेले असताना, एक पूर्ण फेरी मारायला ठीक. शहर बघायचं साधन म्हणून नाही. गोल्फच्या गाड्यांसारख्या छोट्या गाड्यांतून फिरवणाऱ्या टूर महाग आहेत, पण गल्ल्यांत शिरतात. गुडघ्यांचं ऑपरेशन झालेल्या मावशीसाठी मी त्या डोळे झाकून घेईन. चौकोनी काळ्या दगडांचे ते रस्ते फोटोत देखणे दिसतात. त्यांवरून सलग तीन तास चालणं हे वेगळंच प्रकरण आहे. नवे बूट घालून जाऊ नका.

पायरी ७: त्या दिवशी

भेटायच्या जागी वीस मिनिटं आधी पोचा. कोलोसियमजवळ एकाच कोपऱ्यावर दहा टूर जमतात, त्यामुळे कंपनीचं नाव, झेंड्याचा रंग आणि गाइडचा फोन नंबर कागदावर लिहून ठेवा. मोबाइलची बॅटरी नेमकी तेव्हाच जाते. पासपोर्ट बरोबर ठेवा. मोठी सॅक नेऊ नका, कोलोसियममध्ये सोडत नाहीत आणि ठेवायची सोय नाही. काचेची बाटली नको, साधी चालेल; रस्तोरस्ती लोखंडी नळ आहेत, त्यांना नासोनी म्हणतात, त्यांचं पाणी गार आणि पिण्याजोगं असतं. पाकीट पुढच्या खिशात, आणि टर्मिनी स्टेशनवरून व्हॅटिकनकडे जाणाऱ्या ६४ नंबरच्या बसमध्ये तर हातातच धरा. तिची ख्याती आहे.

आमचा बेत असा होता. पोचल्या संध्याकाळी गाइड नाही: नव्होना, पँथिऑन बाहेरून, ट्रेव्ही, जिलाटो. दुसऱ्या दिवशी सकाळी गाइडबरोबर फोरम, मग कोलोसियम, दुपारी हॉटेलवर झोप. तिसऱ्या दिवशी लवकर व्हॅटिकनची छोटी ग्रुप टूर, त्या दारातून सेंट पीटर्स, आणि दुपारी पँथिऑन आतून. बोर्गीज गॅलरी हे कलासंग्रहालय राहिलं. तिथे दोन-दोन तासांचे ठरलेले गट सोडतात आणि आधी आरक्षण केल्याशिवाय जाता येत नाही. बर्निनीची शिल्पं बघायची असतील तर ते तिकीट कोलोसियमची तिकिटं काढाल त्याच दिवशी काढून टाका, माझ्यासारखं "तिथे गेल्यावर बघू" म्हणू नका.

फोरम बघून झालं तरी तुमचं तिकीट संपलेलं नसतं, हेही लक्षात ठेवा. फोरममधून पॅलाटाइन टेकडीवर चढून जाता येतं. वर झाडं आहेत, बसायला जागा आहे आणि खाली अख्खं फोरम पसरलेलं दिसतं. आम्ही तिथे डब्यातल्या मेथीच्या पुऱ्या खाल्ल्या, रखवालदाराची नजर चुकवून.

त्याच रात्री जेवून कॅपिटोलाइन टेकडीवर गेलो. तिथल्या चौकाच्या मागच्या बाजूला, नगरपालिकेच्या इमारतीला वळसा घातला की एक कठडा लागतो. खाली दिव्यांच्या उजेडात सगळं फोरम, तिकीट नाही, गाइड नाही. एक पंजाबी कुटुंब आमच्या शेजारी उभं होतं. त्यांच्यातल्या आजोबांनी विचारलं, "ये सब क्या है?" बाबा पुढे झाले. ते खांब दूरवर दिसत होते, दरवाजा काही अंधारात दिसत नव्हता. तरी बाबांनी बोट दाखवून त्यांच्या हिंदीत सुरुवात केली: "वो चर्च का दरवाजा है ना, वो पहले जमीन पे था..."